पाळण्यातली एक जागा आपली!

मैत्रिणींनो, तुम्ही एकट्या अशा शेवटच्या कधी बाहेर पडला होता? बाजारात नव्हे, मुलांच्या शाळेत नव्हे, सासूबाईंची औषधं आणायला नव्हे आणि माहेरीसुद्धा नव्हे. माहेरी जाणं म्हणजेही कुणाकडे तरी जाणंच. मी विचारते आहे ते निव्वळ हौसेनं, एखादा डोंगर पाहायला, दोन घटका मोकळं वारं घ्यायला जाण्याबद्दल.

आमच्या भिवंडीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हाच प्रश्न विचारला. एकीला लग्नाआधीची कॉलेजची सहल आठवली; पण तिथेही चाळीस मुली होत्या. दुसरी म्हणाली, "देवीला गेले होते एकटी, नवस फेडायला." आणि तिसरीनं सरळच विचारलं, "अगं, पण एकटीनं जाऊन करायचं काय?"

तिच्या त्या 'करायचं काय'चं उत्तर मी या लेखात देणार आहे. उदाहरण घेतलं आहे रायगडाच्या रोपवेचं. डोंगर आपला आहे, वाट माहितीची आहे आणि रांग तर काय, बाईच्या जातीला जन्मापासूनच माहिती आहे!

बर्फावरच्या रांगेतली युक्ती

आधी थोडं लांबचं सांगते. थंड देशांत बर्फाच्या उतारावरून पायाला लाकडी किंवा धातूच्या लांब पट्ट्या बांधून घसरत येण्याचा एक खेळ आहे. त्याला स्कीइंग म्हणतात. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला तो चालतो. डोंगरावर दर वेळी चढून कोण जाणार? म्हणून वर न्यायला तारेवरचे पाळणे असतात. गुलमर्गच्या पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. दुसरा टप्पा तर अफरवट पर्वतावर जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत नेतो.

आता गंमत ऐका. या पाळण्यांसाठी जगभर लांबच लांब रांगा लागतात. पण युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी डोंगरांवर एकट्या माणसासाठी एक वेगळी, छोटी रांग असते. आणि ती मोठ्या रांगेपेक्षा भराभर पुढे सरकते! कारण अगदी साधं आहे. समजा पाळण्यात चौघांची जागा आहे आणि रांगेत पुढे तिघांचं कुटुंब आहे. मागे पाचजणांचा घोळका. ते पाचजण फुटायला तयार नसतात. मग चौथी जागा रिकामीच वर जाणार. तिथे एकटा माणूस चटकन बसतो. त्याचंही काम होतं आणि पाळणाही भरून जातो.

पाहिलंत? आपण समजतो की एकटीचं सगळीकडे अडतं. इथे तर जो एकटा, त्याचंच आधी निभतं. चौघांना चार जागा लागतात, एकटीला एकच पुरते. हे गणित रोपवेला लागू पडतं, एसटीला पडतं आणि गर्दीच्या खानावळीतल्या टेबलालाही पडतं.

हिरकणी आणि आपण

रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. त्याचं खालचं स्टेशन ज्या वस्तीत आहे, तिचं नाव हिरकणीवाडी. हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना झोपवताना सांगतो. गडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ. ती एकटी कडा उतरून गेली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधवला आणि तिचं नाव दिलं, असं सांगतात.

हिरकणीला हात जोडूनच एक विचार तुमच्यापुढे मांडते. बाईनं एकटीनं केलेलं धाडस आपल्याला पटतं, पण ते लेकरासाठी असेल तर. नवऱ्याच्या आजारपणासाठी असेल तर. नवसासाठी असेल तर. स्वतःच्या आनंदासाठी ती उंबऱ्याबाहेर पडली की लगेच घरात आणि शेजारात भुवया वर जातात: "कशाला? काय अडलं होतं?" अडलं काहीच नव्हतं हो! तेच तर सांगायचं आहे. काही अडलेलं नसताना जाणं, हीच खरी सहल. पुरुषमाणसं मित्रांबरोबर गडावर जातात तेव्हा काय अडलेलं असतं?

ज्या कड्यावरून हिरकणी रात्री जीव मुठीत धरून उतरली, तिथे आज तारेवरचा पाळणा सुमारे चारशे मीटर उंची चार-पाच मिनिटांत चढवतो. तो काय फक्त कर्तव्यापुरताच वापरायचा?

घरातून निघण्याआधी

भिवंडीहून रायगड एका दिवसात धावतपळत करू नका. जायला अर्धा दिवस सहज लागतो. ठाणे किंवा पनवेल गाठून मुंबई-गोवा महामार्गानं महाड, तिथून एसटीनं किंवा रिक्षानं पाचाड-हिरकणीवाडीकडे. महाडपासून हे अंतर साधारण पंचवीस किलोमीटर आहे. रेल्वेनं जायचं तर कोकण रेल्वेवर माणगाव किंवा वीर स्टेशनला उतरून पुढे रस्त्यानं. एक मुक्काम धरा. दुपारी निघून रात्री महाडला, पहाटे उठून गड आणि रात्रीपर्यंत घरी. दीड दिवस झाला.

खर्चाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या प्रवासाला बायकांना निम्मं तिकीट आहे. राहिला रोपवे, एका रात्रीची खोली आणि जेवण. भिशीचा एक हप्ता किंवा दिवाळीच्या भाऊबीजेची ओवाळणी बाजूला ठेवली, तर कुणापुढे हात पसरावा लागत नाही. स्वतःच्या पैशानं गेलं की हिशेब द्यावा लागत नाही, हाही एक फायदाच!

आता खरा कडा म्हणजे घर. इथे माझा अनुभव सांगते. "जाऊ का?" असं विचारलं की उत्तर येतं, "बघू." आणि 'बघू'चा बुधवार कधीच उगवत नाही. त्याऐवजी पंधरा दिवस आधी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर शांतपणे सांगावं: "अमुक तारखेला मी रायगडाला जाणार आहे. रात्रीचा मुक्काम महाडला. दुसऱ्या दिवशी रात्री येईन." यजमान म्हणतील, "मीच नेतो की, सुट्टी काढून." त्यांचं प्रेम आहे, नाही म्हणू नये. "आपण दोघं दिवाळीत जाऊच. पण हा एक दिवस माझा." एवढंच म्हणावं. न भांडता, न रडता.

दोन वेळचा स्वयंपाक करून फ्रिजमध्ये ठेवण्याची घाई करू नका. कणीक मळून ठेवा, भाजी चिरून ठेवा. फोडणी त्यांना घालू द्या. मीठ कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना या निमित्तानं कळेल. दूधवाल्याचा निरोप, मुलांच्या डब्याचा दिवस आणि सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ, या तीन गोष्टी मात्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावर चिकटवा.

वार आणि वेळ

तुमच्या-माझ्याजवळ एक मोठी शिल्लक आहे, ती म्हणजे मधला वार. नोकरदार कुटुंबं रविवारी येतात, शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत येतात. आपण मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडावा. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, ६ जूनचा राज्याभिषेक दिन, तिथीचा राज्याभिषेक सोहळा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. त्या दिवशी गडावर भक्तीचा पूर असतो. तो पाहण्यासारखाही असतो, पण पहिल्यांदा एकटीनं जाताना नको.

ऋतू म्हणाल तर दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी. पावसात गड हिरवागार दिसतो खरा, पण वारा-पाऊस वाढला की रोपवे थांबवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये तर पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येऊन पर्यटक अडकले होते. कधीही जायचं झालं तरी आदल्या दिवशी फोन करून रोपवे चालू आहे ना, पहिला पाळणा किती वाजता आणि शेवटचा किती वाजता, हे विचारून घ्या. आगाऊ तिकिटाची काय सोय आहे तेही त्याच फोनवर विचारा.

रांगेत उभं राहण्याची कला

रोपवेची रांग हळू का सरकते, हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. रहाटाला दोन बाजूंना दोन बादल्या बांधल्या, तर एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते ना? तसंच इथे आहे. एकीकडचे पाळणे चढतात, तेव्हा दुसरीकडचे उतरतात. उतरणाऱ्यांचं वजन चढणाऱ्यांना हातभार लावतं. त्यामुळे खालच्यांनी कितीही घाई केली, तरी वरची माणसं बसून होईपर्यंत तार हलत नाही. गुलमर्गसारखे एकामागून एक फिरत राहणारे पाळणे इथे नाहीत. म्हणून तिकीटखिडकीशी हुज्जत घालून काही उपयोग नसतो.

आता माझे काही नियम.

पहिला: रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. आपण बायका या एका कारणानं दिवसभर पाणी पीत नाही आणि मग डोकं धरतं. पाणी प्या आणि जाऊन या. मध्येच जावं लागलं, तर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बायकांना सांगून जा: "मी यांच्यामागे आहे हं, आलेच." एकीला सांगितलं तर ती विसरते, दोघींना सांगितलं की जागा राहते.

दुसरा: हात मोकळे ठेवा. खांद्यावर एकच पिशवी, तिची बंद तोंडाची बाजू पुढे. पैसे दोन जागी ठेवा. थोडे पर्समध्ये, थोडे वेगळे. साडी नेसणार असाल तर पाऊलभर आखूड नेसा आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

तिसरा: घुसणाऱ्यांना एकदाच, पण मोठ्यानं सांगा. एकटी बाई दिसली की "आमचे लोक पुढे आहेत" म्हणत आठजण अंगावरून पुढे सरकतात. भांडू नका. मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "दादा, आपण सगळेच सकाळपासून उभे आहोत. रांग इथून सुरू होते." 'आपण सगळे' म्हटलं की मागचे पंचवीसजण तुमच्या बाजूला येतात. तुम्ही मग एकट्या राहत नाही.

चौथा: पाळण्यात माणसं बसवणाऱ्याच्या जवळ पोचलात की कान उघडे ठेवा. एक जागा उरते आहे असं दिसलं तर हात वर करून म्हणा, "मी एकटी आहे." हे वाक्य लाजत म्हणायचं नाही. लग्नाच्या पंगतीत आपण "एक पान इथे!" म्हणतो ना, तसं म्हणायचं. पुढच्यांना विचारून, त्यांच्या संमतीनं पुढे जा म्हणजे कुणाचा रोष येत नाही.

पाचवा: रांगेत हमखास विचारतील, "ताई, एकट्याच आलात?" बायकांनी विचारलं तर हसून "हो" म्हणा. पुढचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. यजमान कुठे, मुलं कुठे, सासूबाईंनी कसं सोडलं, ही उत्तरं कुणाला देणं लागत नाही. अनोळखी पुरुषाला मात्र मुक्काम कुठे आहे आणि परत कशानं जाणार, हे सांगू नका. "आमची माणसं खाली आहेत" एवढं बोलून विषय संपवा. या थापेला पाप लागत नाही!

वर गेल्यावर

पाळणा सुटला की पहिला अर्धा मिनिट पोटात गोळा येतो. त्या वेळी खाली न बघता समोरच्या डोंगररांगेकडे बघा. मग हळूहळू खाली बघा. खालचं वाडीचं छप्पर काडेपेटीएवढं होतं आणि आपल्या घरातल्या काळज्याही तेवढ्याच होतात.

वरचं स्टेशन मेणा दरवाजाच्या बाजूला आहे. तिथून आत गेलं की राण्यांच्या महालांची जोती लागतात. पुढे राजवाड्याची जागा, मग राजसदर आणि मेघडंबरी. ६ जून १६७४ ला महाराजांना राज्याभिषेक झाला तो इथेच. सदरेसमोर नगारखाना आहे. नगारखान्यापाशी बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं म्हणतात. हा प्रयोग एकटीनं होत नाही. एखाद्या पोरीला हाक मारून पलीकडे उभं करा, तिलाही मजा वाटेल. पुढे होळीचा माळ, दोन्ही बाजूंना उंच जोती असलेली बाजारपेठ आणि थोडं चाललं की जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते नक्की पाहा. एवढा गड उभारून त्यांनी नाव मात्र पायरीवर मागितलं, असं सांगतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत रायगड आहे. माहीतगार वाटाड्याबरोबर पाहिलं तर दगड बोलू लागतात. एकटीला त्याचे पैसे जड जातात. तेव्हा एखाद्या कुटुंबाला विचारून भागीत घ्या.

आणि आता त्या 'एकटीनं करायचं काय'चं उत्तर. कुटुंबाबरोबर गडावर गेलं की आपण गड बघत नाही. आपण टोपी बघतो, पाण्याची बाटली बघतो, धाकट्याचा पाय घसरेल का ते बघतो. दुपारी डबा उघडून वाढतो आणि शेवटची पोळी उरली तर खातो. एकटी गेलीस बाई, की गंगासागर तलावाच्या काठी सावली बघून बसावं. दशमी आणि लसणाची चटणी काढावी आणि पहिला घास स्वतः खावा. गरम असताना नाही, पण पहिला! कंटाळा आला तर उठावं, नाही आला तर बसून राहावं. समाधीपाशी दहा मिनिटं थांबायचं की तासभर, हे कुणाला विचारायचं नाही. हीच ती मौज. ती दुकानात मिळत नाही.

उतरताना

रायगडाला खरी रांग वर जाताना नसते, खाली येताना असते. कारण पायऱ्या चढून आलेलेही उतरताना दमून रोपवेकडे वळतात आणि दुपारी तीननंतर सगळ्यांनाच परतायचं असतं. म्हणून सकाळी पहिल्या पाळण्यांत वर जा आणि लोक जेवायला बसतात त्या वेळी, म्हणजे एकच्या सुमारास परतीच्या रांगेत उभ्या राहा. टोकन दिलं असेल तर त्याचा नंबर आणि वेळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गुडघे चांगले असतील आणि हवा कोरडी असेल, तर दुसराही मार्ग आहे. वर पाळण्यानं जायचं आणि खाली पायऱ्यांनी उतरायचं. स्कीइंगवाले नेमकं हेच करतात: चढायला तार, उतरायला स्वतःचे पाय. पायऱ्या दीड हजारांच्या आसपास आहेत. भराभर न उतरता, आडवी पावलं टाकत, वाटेत माणसांची ये-जा असतानाच उतरा. ऊन कललं की एकटीनं या वाटेला जाऊ नका.

खाली आल्यावर वेळ उरला तर पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. तिथे दोन मिनिटं टेकून मग महाडची गाडी धरा. परतीच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच महाडच्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवलेली असावी.

सावधगिरीचं चार ओळींत

घरातल्या एका माणसाला मुक्कामाचं ठिकाण लिहून द्या आणि दिवसातून दोनदाच फोन करायचं ठरवा: वर पोचल्यावर आणि गाडीत बसल्यावर. दर तासाला फोन घेतला तर तुम्ही भिवंडीतच राहिलात असं समजा! खोली आधी ठरवा, आधारकार्ड जवळ ठेवा, खोलीची कडी आतून नीट लागते का ते सामान ठेवण्यापूर्वीच पाहा. अडचणीत ११२ हा नंबर कुठूनही लागतो; बायकांसाठी १८१ आहे. पाळी, रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या पर्समध्ये असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको.

एकदम रायगड नको वाटत असेल तर

धीर होत नसेल तर सराव जवळून सुरू करा. कल्याणहून लोकलनं नेरळ आणि तिथून माथेरान, एका दिवसात जाऊन येता येतं. नेरळची छोटी गाडी १९०७ पासूनची. तिच्याही तिकिटाला रांग असते, म्हणून लवकर पोचावं. नाशिककडच्या बहिणींना सप्तशृंगगडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे. देवदर्शनाला म्हणून निघा. पण दर्शन झालं की धावत परत न येता तासभर नुसत्या डोंगर बघत बसा. तो तास तुमच्या सहलीचा!

आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय काय लिहिलेलं असतं? दुधाचे लिटर, गॅस लावल्याची तारीख, भांडेवालीचे खाडे, मुलांच्या परीक्षा, यजमानांची ऑफिसची टूर. पुढच्या महिन्यातला एक बुधवार बघून ठेवा आणि त्या चौकोनात लाल पेनानं फक्त 'मी' असं लिहा. कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.